धुके, बर्फ आणि मित्रांमधली भीड : केर्नगॉर्मच्या पठारावर हिवाळ्यात जाताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पाच मित्र पुण्यात असताना बारा-पंधरा वर्षे सह्याद्रीत भटकलात आणि आता नोकरीनिमित्त एडिनबरा आणि ग्लासगो येथे आहात. जानेवारीत आपण स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगररांगेतील बेन मॅकडुई या शिखराकडे निघालात. पठारावर पोहोचताच ढग खाली उतरला, मागे उमटलेले पावलांचे ठसे उडत्या बर्फाने पाच मिनिटांत बुजले आणि पाऊण तास भरकटल्यानंतर फोनवरच्या नकाशाच्या आधाराने आपण कसेबसे वाहनतळावर परतलात. फेब्रुवारीत पुन्हा जाण्याचा बेत आहे. कोणती साधने घ्यावीत, फोन पुरेसा आहे का, आणि धुके आलेच तर थांबावे की चालत राहावे, असे आपण विचारले आहे.

मी गेली अठरा वर्षे स्कॉटलंडमध्ये राहतो आणि त्यातील बहुतेक हिवाळे याच पठारावर लोकांना घेऊन जाण्यात घालवले आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर किंवा राजमाचीच्या वाटेवर धुके दाटले आणि वाट सुटली, तर जाणता माणूस सांगतो की आहात तिथेच बसा, कड्याकडे जाऊ नका, धुके विरळ होईल तेव्हा पुढचे पाहू. सह्याद्रीत हा सल्ला अगदी योग्य आहे. तिथे भिजलेला माणूस दोन तास खडकाच्या आडोशाला बसला तर कुडकुडेल, पण बहुधा सुखरूप राहील. आपल्या मनात धुक्याविषयीची जी सवय मुरली आहे ती या अनुभवातून आलेली आहे आणि केर्नगॉर्मच्या पठारावर नेमकी तीच घातक ठरते. इथे हिवाळ्यात थांबण्याची किंमत पहिल्या मिनिटापासून मोजावी लागते. उणे पाच अंश तापमान आणि ताशी साठ किलोमीटर वारा असताना घामाने ओलसर झालेला माणूस उघड्यावर स्थिर बसला, तर अर्ध्या तासात त्याच्या बोटांची कामे बंद पडू लागतात आणि त्यानंतर त्याची निर्णयशक्ती मंदावते. शिवाय हे धुके म्हणजे डोंगरावर टेकलेला ढगच असल्याने तो दिवसभर, कधीकधी सलग तीन-चार दिवस, हलत नाही. तेव्हा धुके आल्यावर काय करायचे याचा निर्णय धुके येण्यापूर्वी झालेला असला पाहिजे, आणि दिशा ठाऊक असताना, अंगात ऊब असताना चालत राहून खाली उतरणे हेच बहुतेक वेळा त्याचे उत्तर असते.

उंचीच्या आकड्याने आपल्याकडच्या अनेकांची फसगत झालेली मी पाहिली आहे. कळसूबाई १६४६ मीटर आहे, ब्रिटनमधील सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर आणि बेन मॅकडुई १३०९ मीटर. म्हणजे या देशातील कोणताही डोंगर कळसूबाईपेक्षा उंच नाही. परंतु केर्नगॉर्म ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, अटलांटिकवरून येणारी वादळे त्याला विनाअडथळा भिडतात आणि वर गेल्यावर निमुळते शिखर न लागता मैलोनमैल पसरलेले, आडोसा नसलेले पठार लागते. केर्नगॉर्म याच नावाच्या शिखराच्या माथ्यावरील स्वयंचलित हवामान केंद्राने २० मार्च १९८६ रोजी ताशी १७३ मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला होता. तो विक्रमी दिवस होता हे खरे, पण ताशी शंभर किलोमीटरचा वारा इथल्या हिवाळ्यात मुळीच अपवादात्मक नाही आणि त्या वाऱ्यात माणूस सरळ उभा राहू शकत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे हवामानाचा अंदाज वाचताना लक्षात ठेवावे.

नोव्हेंबर १९७१ मध्ये याच पठारावर एडिनबराच्या एका शाळेतील सहा विद्यार्थी आणि दोन तरुण मार्गदर्शक हिमवादळात अडकले. पठारावर एक छोटी आश्रयझोपडी होती आणि तिथे पोहोचून रात्र काढावी असा त्यांचा बेत होता. बर्फ आणि शून्य दृश्यमानता यांमुळे ती सापडली नाही, दोन रात्री उघड्यावर गेल्या आणि पाच विद्यार्थी व सहायक मार्गदर्शक मिळून सहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर बराच वाद होऊन १९७५ मध्ये पठारावरील अशा झोपड्या काढून टाकण्यात आल्या, कारण त्या लोकांना वर थांबण्याचा मोह घालतात असे ठरले. मी हा प्रसंग प्रत्येक नव्या गटाला सांगतो, कारण त्यात दिशाशोधनाचा एक मोठा धडा आहे. धुक्यात बिंदू सापडत नाही, रेषा सापडते. झोपडी, शिखरावरचा दगडांचा ढीग, छोटे तळे हे सगळे बिंदू आहेत आणि दहा मीटर बाजूने गेलात तरी ते चुकतात. दरीची कड, ओढ्याचा मार्ग, सोंडेची धार, उताराचा ठळक बदल या रेषा आहेत. त्यांना आपण कुठे ना कुठे भिडतोच. म्हणून आखणी करताना एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंतचे छोटे टप्पे करावेत आणि एकही टप्पा शक्यतो पाचशे मीटरहून लांब ठेवू नये. पाच अंशांची चूक झाली तर एका किलोमीटरमध्ये माणूस सुमारे सत्याऐंशी मीटर बाजूला जातो आणि या पठारावर सत्याऐंशी मीटरमध्ये वाट आणि कडा यांतला फरक मावतो.

आता बर्फावरचे धुके सह्याद्रीतल्या धुक्यापेक्षा वेगळे कसे, ते सांगतो. आपल्याकडे दहा पावलांपलीकडचे दिसले नाही तरी पायाखालचे गवत, माती, कातळ दिसतो आणि त्यावरून चढ आहे की उतार ते डोळ्यांना समजते. इथे जमीनही पांढरी आणि हवाही पांढरी. सावली पडत नाही, क्षितिज नाहीसे होते. याला सगळे व्हाइटआउट म्हणतात. त्यात आपण चढतो आहोत की उतरतो आहोत, हेही कधी कधी सांगता येत नाही. समोरचा हाताएवढा दगड दूरच्या मोठ्या शिळेसारखा वाटतो. अशा वेळी मी बर्फाचा गोळा करून पुढे टाकतो. तो टेकून थांबला तर जमीन आहे, घरंगळला तर उतार आहे आणि दिसेनासा झाला तर तिथेच थांबायचे. हे एवढ्यासाठी की केर्नगॉर्मच्या उत्तरेकडील कुंडासारख्या दऱ्यांच्या काठांवर वारा बर्फ पुढे लोटत नेतो आणि कड्याच्या ओठावर बर्फाचा छज्जा तयार होतो. त्याला कॉर्निस म्हणतात. वरून पाहणाऱ्याला तो पठाराचाच भाग वाटतो, पण त्याच्याखाली हवा असते. शिवाय तो नेमका काठावर तुटेल असे नाही, बरेचदा काठाच्या पुष्कळ आतून तुटतो. म्हणून काठाला रेषा मानून चालायचे असेल तर ती रेषा नकाशावर मानावी, प्रत्यक्षात तिच्यापासून भरपूर अंतर राखावे.

आपल्या भाषेत पाण्याच्या सर्व गोठलेल्या रूपांना आपण सरसकट बर्फ म्हणतो, त्यामुळे मराठीतून शिकवताना मला नेहमी थोडे थांबावे लागते. ताजा भुसभुशीत बर्फ, वाऱ्याने दाबून बसवलेला खडूसारखा बर्फ, दिवसा वितळून रात्री गोठलेला टणक बर्फ आणि खडकावरचा काचेसारखा बर्फ हे चार वेगळे पृष्ठभाग आहेत आणि त्यांवर पाय टाकण्याची रीतही वेगळी आहे. दुसरा प्रकार हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वांत फसवा असतो, कारण तो घट्ट वाटतो, पण खालच्या थराशी नीट जुळलेला नसतो आणि एक अख्खा पट्टा सुटून घसरतो. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. स्कॉटलंडची हिमस्खलन माहिती सेवा हिवाळ्यात सहा डोंगरी भागांसाठी दररोज अंदाज देते. त्यात उत्तर केर्नगॉर्मचा अंदाज स्वतंत्र असतो आणि कोणत्या दिशेच्या उतारांवर, किती उंचीपासून धोका आहे हे आकृतीत दाखवलेले असते. तो अंदाज आदल्या संध्याकाळी सर्वांनी मिळून वाचावा आणि नकाशावरील आपल्या वाटेशी ताडून पाहावा. धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी पातळी असेल तर ती मधली म्हणून ठीक आहे असे समजू नये. अनुभव नसलेल्यांनी त्या दिवशी दर्शवलेल्या दिशेचे तीव्र उतार पूर्णपणे टाळावेत.

फोनविषयी माझे मत स्पष्ट आहे. उपग्रहाकडून मिळणारे स्थान धुक्यातही अचूक असते आणि ज्याच्याजवळ फोन आहे त्याने तो वापरावा. जानेवारीत आपण त्याच्याच आधारे परतलात. परंतु थंडीत बॅटरी अचानक संपते, ओल्या हातमोज्यांनी पडदा हाताळता येत नाही आणि हातमोजे काढावेत तर दोन मिनिटांत बोटे बधिर होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फोन आपण कुठे आहोत ते सांगतो, पण पुढची शंभर पावले सरळ कशी टाकायची ते होकायंत्रच सांगते. म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत, विमान स्थितीत ठेवावा, स्थानाची खात्री करण्यापुरता बाहेर काढावा आणि चालणे होकायंत्रावर करावे. ही दोन्ही साधने एका खिशात कधीही ठेवू नयेत, कारण फोनमधील चुंबकामुळे होकायंत्राची सुई बिघडते आणि क्वचित तिची टोके उलटी होतात. म्हणजे दक्षिण उत्तर म्हणून दिसू लागते.

होकायंत्राने चालण्यासाठी पाच जण असणे हे मोठे बळ आहे. दिशाकोन, म्हणजे होकायंत्रावर अंशांत लावलेली जाण्याची दिशा, धरणारा सर्वांत पुढे नसावा. एकाला पुढे, दिसेल तिथवर पाठवावे, मागून होकायंत्र धरणाऱ्याने त्याला थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे सांगून रेषेवर आणावे आणि मग सर्वांनी त्याच्यापर्यंत जावे. पुन्हा तेच. हे संथ वाटते, पण त्यात भरकटणे जवळजवळ अशक्य होते. तिसऱ्याने पावले मोजावीत. सपाटीवर शंभर मीटरसाठी माझी ६४ दुहेरी पावले (डावे-उजवे मिळून एक) होतात आणि गुडघाभर बर्फात तीच ८० च्या वर जातात. आपली संख्या आपण आधीच मोजून कागदावर लिहून ठेवावी. चौथ्याने वेळ पाहावा. पाचवा सर्वांत मागे राहील आणि आपण किती जण आहोत हे दर काही मिनिटांनी मोजत राहील. बेन नेव्हिसच्या माथ्यावर ही शिस्त किती काटेकोर असावी लागते याचे उदाहरण इथल्या प्रत्येक डोंगरवेड्याला पाठ असते. माथ्यावरील सर्वेक्षण-स्तंभापासून २३१ अंशांवर १५० मीटर जायचे आणि मग २८२ अंशांवर वळून पठार उतरायचे. एका बाजूला गार्डीलू घळ तोंड उघडून असते, दुसऱ्या बाजूला फाइव्ह फिंगर घळ. वळायला उशीर झाला किंवा घाई झाली तर माणूस या दोहोंपैकी एकीत जातो.

वेळेचा हिशेब करताना नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम अजूनही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर दहा मीटर चढाला एक मिनिट. स्कीकेंद्राच्या वाहनतळावरून बेन मॅकडुई आणि परत हे अंतर सुमारे १७ किलोमीटर आणि चढ साधारण ८०० मीटर आहे, म्हणजे उन्हाळ्यात पावणेपाच तास. बर्फात त्याच्या दीडपट, म्हणजे सात तास, आणि टप्प्याटप्प्याने होकायंत्रावर चालावे लागले तर त्याहून पुष्कळ अधिक. डिसेंबरअखेर इथे दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. फेब्रुवारीच्या मध्याला पाचनंतर. आपण जानेवारीत साडेदहाला निघालात असे लिहिले आहे. माझ्या मते आपल्या त्या दिवसाची मुख्य चूक होकायंत्राची नव्हती, ती या साडेदहाची होती.

साधनांबद्दल फार लिहीत नाही, कारण दुकानदार ते आनंदाने सांगतील. आइस ॲक्स (बर्फात रोवायची छोटी कुदळ) आणि क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे दात) प्रत्येकाकडे हवेतच आणि क्रॅम्पॉनला जुळणारे ताठ तळव्याचे बूट हवेत. बुटांवर चढवायच्या रबरी पट्ट्यांच्या छोट्या खिळ्यांवर तीव्र उतारावर भिस्त ठेवू नये. मात्र वापरता न येणारी आइस ॲक्स पाठीला बांधून नेणे निरर्थक आहे. घसरल्यावर पोटावर वळून तिच्या टोकाने स्वतःला थांबवणे ही कृती खाली सपाट मैदान असलेल्या उतारावर पन्नास वेळा करावी लागते, तेव्हा ती अंगात येते. प्रत्येकी तीन जोड्या हातमोजे, प्रत्येकी एक हेडटॉर्च आणि स्की गॉगल घ्यावेत. वाऱ्याने उडणारे हिमकण डोळ्यांत टोचत असताना समोर पाहता येत नाही, म्हणून धुक्यात गॉगल हे दिशाशोधनाचे साधन आहे. सुती कपडा अंगावर नको. खाणे खिशात, हातमोजे घालून तोंडात टाकता येईल असे असावे. मी खजूर आणि घरचे तिळाचे लाडू नेतो. आणि पाचही जण आत बसू शकतील असा एक तळ नसलेला तंबूवजा कापडी आश्रय घ्यावा. तो डोक्यावरून ओढून सर्वांनी त्याच्या कडांवर बसले की पाच मिनिटांत आत ऊब येते. नकाशा पाहायला, हातमोजे बदलायला, गरम पाणी प्यायला थांबायचे ते त्याच्या आतच. सुरुवातीला थांबू नका असे मी म्हटले, त्याला एवढाच अपवाद आहे.

आता मित्रांविषयी, आणि याबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ आहे. सोळा वर्षांपूर्वी आम्ही पाच मराठी मित्र याच पठारावर होतो. कोणी कोणाचा मार्गदर्शक नव्हता. धुके होते, वारा फार नव्हता, मी पुढे होकायंत्र धरून चालत होतो. सर्वांत मागे असलेल्या मित्राचा एक हातमोजा वाऱ्याने उडाला. आपल्यामुळे सर्वांना थांबावे लागेल, या संकोचाने तो अर्धा तास काहीच बोलला नाही आणि हात खिशात घालून चालत राहिला. मग त्याचे पाऊल अडखळू लागले, प्रश्नाला तो फक्त हुंकार देऊ लागला आणि मला वाटले की तो दमला असेल. त्याच्या बोटांना हिमदंश झाला होता आणि शरीराचे तापमानही उतरले होते. आम्ही त्याला खाली आणले, बोटे वाचली, पण दोन बोटांच्या टोकांना आजही थंडी सोसत नाही. माझ्या पाठपिशवीत त्या दिवशी दोन जास्तीचे हातमोजे होते.

मित्रांच्या गटात ही भीड फार खोल असते. भाड्याने घेतलेला मार्गदर्शक असेल तर लोक त्याला निःसंकोच सांगतात की मला थंडी वाजते. मित्रांसमोर तेच सांगणे जड जाते, कारण सुट्टी सर्वांनी जुळवून घेतलेली असते, दोघे रात्रभर गाडी चालवून आलेले असतात आणि शिखर तासाभरावर आहे असे कोणीतरी म्हणत असतो. म्हणून काही गोष्टी वाहनतळावरच मोठ्याने बोलून घ्याव्यात. परतीची घड्याळी वेळ ठरवावी. कोणत्या ठिकाणी थांबून पुढे जायचे की नाही याचा विचार करायचा ते नकाशावर बोट ठेवून ठरवावे. बेन मॅकडुईसाठी ते ठिकाण पठारावरील लोखन बुई हे तळे असावे, त्याच्या पुढे नव्हे. पाचांपैकी एकाने नाही म्हटले तर सगळे वळतील, त्याला कारण विचारले जाणार नाही आणि परतल्यावर त्याची आठवणही काढली जाणार नाही, हे शब्दांत ठरवावे. दोघे पुढे, तिघे मागे अशी फाटाफूट कोणत्याही कारणाने करू नये. आणि दर वीस मिनिटांनी पुढच्याने मागे वळून प्रत्येकाला पूर्ण वाक्यात उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न विचारावा. अडखळणे, पुटपुटणे, वस्तू हातातून निसटणे, कारण नसताना चिडणे ही शरीर गारठल्याची पहिली लक्षणे आहेत आणि ती गारठलेल्याला स्वतःला कळत नाहीत.

धुक्यातल्या भीतीबद्दलही आपण ओझरते लिहिले आहे, की मागून कोणी चालत असल्याचा भास झाला. त्याची लाज वाटू देऊ नये. नॉर्मन कॉली हे लंडनमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि १८९५ मध्ये नंगा पर्बतवर गेलेले नाणावलेले गिर्यारोहक होते. त्यांनी १९२५ मध्ये ॲबर्डीनमधील एका सभेत सांगितले होते की अनेक वर्षांपूर्वी याच बेन मॅकडुईवरून धुक्यात एकटे परतताना त्यांना आपल्यामागे मोठमोठ्या पावलांचा आवाज ऐकू आला आणि ते धावत सुटले. पांढऱ्या पोकळीत मन स्वतःच आवाज आणि आकार घडवते. सूर्य पाठीशी आणि ढग खाली असेल तर स्वतःचीच प्रचंड सावली भोवतीच्या रंगीत वलयासह ढगावर पडते. कोकणकड्यावरून आपण ज्याला इंद्रवज्र म्हणतो तेच हे. भास झाला तर तो सोबत्यांना सांगावा आणि दिशाकोन पुन्हा तपासावा. घाबरलेला माणूस होकायंत्रावर अविश्वास दाखवू लागतो आणि सुई चुकली असे त्याला ठामपणे वाटते. फोन आणि दुसऱ्याचे होकायंत्र यांच्याशी ताडून सुई बरोबर ठरली, तर मनाला काहीही वाटो, सुईप्रमाणेच चालावे.

फेब्रुवारीचा बेत मी असा बदलेन. केर्नगॉर्मच्या पायथ्याच्या एव्हिमोर गावाजवळ ग्लेनमोर लॉज हे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे किंवा हिवाळी पात्रता असलेल्या मार्गदर्शकाकडे पाचही जणांनी दोन दिवसांचे हिवाळी कौशल्यांचे शिक्षण घ्यावे, एकाने शिकून इतरांना सांगू नये. तिसऱ्या दिवशी, ढग खाली असला तर उत्तमच, ग्लेनमोरच्या मागचा ८१० मीटरचा मेल अ वुआखिल हा डोंगर करावा. त्याला चांगली वाट आहे, पायथ्याशी रायव्होनची दगडी झोपडी आहे आणि चुकलात तरी बहुतेक बाजूंनी जंगलात उतरता येते. तिथे फोन खिशात ठेवून प्रत्येकाने किमान दोन टप्पे होकायंत्र धरावे. बेन मॅकडुई मार्चमध्ये करावा, तेव्हा दिवस मोठा असतो आणि वर बर्फही भरपूर असतो. निघण्यापूर्वी वाट, परतीची वेळ आणि गाडीचा क्रमांक घरी असलेल्या एका माणसाला लिहून द्यावा. अडचण आलीच तर ९९९ वर पोलिसांना सांगून पर्वतबचाव पथक मागावे, ते स्वयंसेवक आहेत आणि पैसे घेत नाहीत. आवाज पोहोचण्यासारखा असेल तर शिटीचे सहा फुंकार मिनिटभरात, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा सहा. खाली उतरल्यावर, बूट काढण्यापूर्वी, घरच्या त्या माणसाला फोन करावा.